चारचौघांतला मासा

मत्स्याहारी हॉटेलातलं मेनूकार्ड मराठी माणूस जितकं मन लावून वाचतो तितकं दुसरं काहीच वाचत नाही, आणि वाचून झाल्यावर जितकं बाजूला ठेवतो तितकंही दुसरं काही ठेवत नाही. आठ जणांचं कुटुंब टेबलाभोवती बसतं आणि कार्डावर तुटून पडतं. कर्ली आहे का, तिसऱ्या सुक्या देतात की रश्शात, जिताडा छापलाय पण आज खरंच आलाय का, खेकड्यापुढे आकडा न लिहिता नुसतं ‘साइजप्रमाणे’ का लिहिलंय, यावर पंधरा मिनिटं खल चालतो. काका सांगतात, इथली मांदेली नावाजलेली आहे. मावशी "कुर्ल्या घेऊ या का?" असं विचारतात आणि आपल्याच धाडसाने दचकतात. वेटर वही घेऊन उभा असतो. त्याच्या चेहऱ्यावर उत्सुकतेचा लवलेश नसतो. शेवटी कुटुंबप्रमुख घसा खाकरतात आणि म्हणतात, "पाच सुरमई थाळी, दोन पापलेट थाळी, आणि छोट्याला... बोनलेस काय आहे?" वेटर मान डोलावतो. हे कुटुंब दारातून आत शिरलं तेव्हाच त्याने वहीत एवढं लिहून ठेवलेलं असतं.

आता हा काय प्रकार आहे, याचा शांतपणे विचार व्हायला हवा. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर पहाटे जाऊन उभं राहिलं तर टोपल्यांतून काय काय उतरतं! बांगडे, तारली, पेडवे, मांदेली, मुडदुशा, कर्ली, वाम, शिंगाळा, माकूल, मोरी, करंदी, जवळा. एवढा समुद्र ओलांडून माणूस हॉटेलच्या टेबलाशी येतो आणि दोन नावांपाशी थबकतो. विचारलं तर कारणं तयार असतात. चव चांगली, ताजं मिळतं, सगळ्यांना चालतं. यातलं तिसरं कारण तेवढं खरं आहे आणि त्याचाही खरा अर्थ कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की माशाची चव आणि खाणाऱ्याची अब्रू यांचं प्रमाण व्यस्त असतं. मासा जितका रुचकर, तितका तो खाताना माणूस बघवत नाही. त्यामुळे आवडीचा मासा आपण घरी खातो आणि बाहेर गेल्यावर चारचौघांत खाता येईल असा मासा मागवतो. ही निवड जिभेने केलेली नसते. ती शेजारच्या टेबलावर बसलेल्या अनोळखी माणसांनी केलेली असते.

चिंबोरीचंच घ्या. दक्षिणेकडे तिला कुर्ली म्हणतात, पण नाव बदललं म्हणून खाणाऱ्याची दशा बदलत नाही. घरी चिंबोऱ्या असल्या की आधी जुनं वर्तमानपत्र अंथरलं जातं, मग खलबत्त्यातला बत्ता येतो. नांगी पाटावर ठेवून अशा बेताने ठोकायची असते की कवच तडकावं पण आतलं मांस चेंदू नये. जोर जास्त झाला तर कवचाची कपची समोरच्याच्या सोलकढीत जाते, कमी झाला तर उरलेलं काम दाढेला करावं लागतं. आतलं पांढरंशुभ्र मांस अख्खं बाहेर आलं तर पंगतीत क्षणभर शांतता पसरते आणि सगळे त्याच्याकडे हेव्याने बघतात. मग बारीक पाय. त्यांत मांस नावालाच. पण एक टोक दाताने तोडून दुसरीकडून ओढलं की रस येतो, आणि तो ओढताना जो आवाज होतो तो सभ्य समाजाने इतर कारणांसाठी राखून ठेवला आहे. तोवर रस्सा बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून पुढच्या प्रवासाला निघालेला असतो. तो कोपराला पोहोचण्याआधी त्याला जिभेने गाठणं ही घरातल्या घरात सर्वमान्य असलेली कसरत आहे. अशा वेळी फोन वाजला तर कुणी उचलत नाही. बेल वाजली तर कडी कोपराने काढावी लागते, आणि दारात उभा असलेला कुरिअरवाला सहीचा आग्रह न धरता पाकीट देऊन निघून जातो.

कर्लीची तऱ्हा वेगळी. ती आवाज करत नाही, पण माणसाला बोलू देत नाही. तिच्या मांसात केसासारखे बारीक काटे असतात आणि ते वेचण्याचं काम जीभ, दात आणि टाळू यांना अंधारात, एकमेकांच्या अंदाजाने करावं लागतं. घास फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो, आणि मग ओठाच्या कोपऱ्यातून एकेक काटा डोकं बाहेर काढतो. ही कामगिरी चालू असताना चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते निदान हाताखालच्या लोकांनी तरी पाहू नयेत. बांगड्याची किंवा पेडव्यांची तिरफळ घातलेली कालवणं अशीच. तिसऱ्यांचा दोष आणखी निराळा, त्या हिशेब ठेवतात. एकेक शिंपली रिकामी करून ताटाशेजारी टाकली की तिथे ढीग वाढत जातो, आणि "मी फार काही खाल्लं नाही हं" या वाक्याला सबळ पुरावा उभा राहतो. आणि रावसाचं किंवा घोळीचं डोकं चारचौघांत कसं खावं, याचा शिष्टाचार आजवर कुणाला लिहिता आलेला नाही. ते दोन्ही हातांनी धरल्याशिवाय खाताच येत नाही, आणि दोन्ही हातांनी धरलं की बाकीचं सगळं दिसतंच.

याच्या उलट सुरमई. मधोमध मणका, त्याला लागून असलेले थोडे काटे सोडले तर सगळं मांसच मांस. आडव्या कापाला चमचा लावला की तुकडा आपणहून सुटून येतो. सुरमई खाता खाता माणूस गृहकर्जाच्या व्याजदरावर बोलू शकतो, मुलीच्या स्थळाची चौकशी करू शकतो, साहेबाच्या विनोदाला वेळेवर हसू शकतो. पापलेटचंही तेच. मणका एका ओढीत बाहेर, दोन्ही बाजूंची खपली आपली. 2023 साली महाराष्ट्र सरकारने राज्यमासा ठरवला तो पापलेट, यात मला तरी नवल वाटलं नाही. सातपाटीच्या मच्छीमारांना ही मागणी लावून धरावीशी वाटली ती पापलेट कमी होत चाललाय आणि पिल्लंच जाळ्यात येऊ लागली आहेत म्हणून. तो त्यांचा पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पण शासकीय मेजवानीत मंत्र्यांपुढे काय ठेवता येईल, या प्रश्नाचंही उत्तर पापलेटच येतं, हा योगायोग नोंदवून ठेवला पाहिजे. गोव्याने मात्र शेवटो निवडला. नदीत, खाडीत, मानशीच्या पाण्यात मिळणारा, रोजच्या कढीतला मासा. जेवताना आपल्याकडे कोण बघतंय याची गोंयकाराला फारशी फिकीर नसते, असा माझा जुना तर्क होता. त्याला सरकारी शिक्कामोर्तब झालं.

दुसरा पुरावा जातीपातीचा आहे, म्हणजे तोंडाला पाणी आणणाऱ्या अर्थाने. सोड्यांची खिचडी फक्त आपल्याकडेच जमते असं सीकेपी मंडळी मानतात. नारळाच्या रसाशिवाय माशाला हात लावणं हा सारस्वतांना अडाणीपणा वाटतो. पाठारे प्रभूंचं भुजणं, आगऱ्यांचं भरल्या चिंबोऱ्यांचं कालवण, कोळ्यांचा लालभडक रस्सा, मालवण्यांचं तिखलं. प्रत्येकाच्या मते बाकीच्यांना मासा कळत नाही, आणि हा वाद मराठी समाजात इतका जुना आणि इतका मनापासून चालत आलेला आहे की लग्नं जुळवतानाही तो निघतो. पण हीच सगळी मंडळी एका शनिवारी रात्री एका हॉटेलात येऊ द्या. शनिवार पाळणारे रविवारी येतील, एवढाच फरक. सगळ्या टेबलांवर सुरमई फ्राय. रव्यातली की तांदळाच्या पिठातली, इथपर्यंतच मतभेद उरतात. घराघरांतून शतकानुशतकं जपलेले मसाल्यांचे भेद जे मिटले नाहीत ते शेजारच्या टेबलाच्या धाकाने एका संध्याकाळीत मिटतात. राष्ट्रीय एकात्मतेसाठी याहून स्वस्त उपाय नाही. म्हणजे तसा स्वस्तही नाही, पण भावाकडे मी येतोच आहे.

कारण इथे पहिला आक्षेप हमखास येतो. तो घेणारे लोक व्यवहारी असतात. ते म्हणतात, "अहो, सुरमई आणि पापलेट महाग आहेत ते चांगले आहेत म्हणूनच ना? बाजार काय वेडा आहे?" बाजार वेडा नाही, पण त्याला जीभही नाही. घोळ माशाचं उदाहरण बघा. गुजरातने 2023 सालीच त्याला आपला राज्यमासा केलं. मोठी घोळ जाळ्यात आली की बंदरावर आनंदीआनंद होतो, पण लाखांचे भाव लागतात ते तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला. ती वाळवून चीनकडच्या बाजारात जाते, तिथे तिला औषधी मोल आहे. मांस आपल्या बाजारात येतं आणि पिशवीच्या मानाने बापुडवाण्या किमतीला विकलं जातं. तेव्हा भाव हा चवीचा पुरावा मानायचा तर घोळीच्या आतली हवा सर्वात चविष्ट ठरेल. पापलेटचा भाव चढण्यामागे परदेशी मागणी आहे, घटलेली आवक आहे, आणि माझ्या मते एक मोठा वाटा हॉटेलातल्या त्या आठ जणांचा आहे. ज्या माशाने अब्रू राखली जाते त्याला गिऱ्हाईक जास्त, गिऱ्हाईक जास्त म्हणून भाव जास्त, आणि भाव जास्त म्हणून तो मागवण्यात अब्रू आणखी जास्त. उलट मांदेली आणि करंदी अजून वाट्यावर विकल्या जातात. कोळीण टोपलीतून एक मूठ उचलून ठेवते, वर दोन टाकते, आणि त्या दोन जास्त पडल्या याचा आनंद गिऱ्हाइकाला पापलेटच्या जोडीने कधीच मिळत नाही.

ताजेपणाचा मुद्दा तर लोकांनी काढूच नये. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, खवळलेला समुद्र, ही कारणं शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. मोठ्या होड्या किनाऱ्याला ओढून शाकारलेल्या असतात. अशा भर जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, हॉटेलात एक संवाद टेबलाटेबलांवर ऐकू येतो. "सुरमई ताजी आहे ना?" "एकदम ताजी, साहेब. सकाळीच आली." कुठून आली हे साहेब विचारत नाहीत, आणि आली ती बर्फाच्या लादीखालून, हे वेटर सांगत नाही. दोघांनीही आपापली भूमिका चोख बजावलेली असते. याच गृहस्थांनी बाजारात कोळणीसमोर कल्ले उघडून लाली तपासलेली असते, डोळे पाहिलेले असतात, पोटाला बोट लावून मांस परत वर येतं का ते बघितलेलं असतं, आणि एवढं करून "जरा मऊच वाटतोय" असं म्हणून तिच्या शिव्याही खाल्लेल्या असतात. हॉटेलात कल्ले उघडायला डोकंच समोर येत नाही. डोकं मागणं अब्रूत बसत नाही.

"पण हॉटेलात लोक खेकडे खातातच की!" असा दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे हे मान्य केलं पाहिजे. मुंबईच्या फोर्टात ‘तृष्णा’त लोणी-लसणातला खेकडा खायला लोक लांबून येतात. पण तिथे आणि त्या धर्तीच्या इतर ठिकाणी काय घडतं ते नीट पाहावं. जिवंत खेकडा आधी टेबलाशी आणून दाखवतात. हा क्षण मुलांना आवडतो आणि मोठ्यांना कुठे बघावं कळत नाही. मग तो शिजून येतो तेव्हा नांग्या आतच फोडलेल्या असतात, सोबत अडकित्त्याच्या जातीचं एक हत्यार असतं, काही ठिकाणी तर गळ्यात बांधायला लाळेरंही मिळतं. म्हणजे तासाभरासाठी अब्रू बाजूला ठेवण्याची सोय भाड्याने दिली जाते, आणि तिचं भाडं ‘साइजप्रमाणे’ या सदरात लागतं. एवढं करूनही निम्मे लोक छातीतलं सोपं मांस तेवढं खातात. बारीक पायांना कुणी हात लावत नाही, कारण त्यांचा आवाज लाळेऱ्याने झाकला जात नाही. घरी त्याच पायांना वाटून, गाळून त्यांचं पाणी रश्शात घालतात, आणि रश्शाची सगळी चव त्या पाण्यात असते.

बोंबलाची कथा मला या संदर्भात फार बोलकी वाटते. ओला बोंबील हा मुळात पाणी आणि कोवळे काटे यांचा लिबलिबीत समझोता. कालवणात तो विरघळून जातो, आणि चमच्याने उचलावा की भाकरीने पुसावा असा प्रश्न पडतो. असा मासा हॉटेलात कसा चालायचा? मग त्याला चिरून कणा काढला, वजनाखाली दाबून पाणी निथळवलं, रव्यात घोळवला, तळून कडक केला. आता तो ताटात ताठ पडून राहतो आणि त्याला काट्या-चमच्याच्या जगात प्रवेश मिळालेला आहे. सुकलेल्या बोंबलाला मात्र अजून प्रवेश नाही. हॉटेलच्या कार्डावर तो चुकूनमाकून असलाच तर चटणीच्या रूपात, सगळ्यात शेवटी. इंग्रज साहेबालाही त्याची ओढ होती आणि लाजही होती, म्हणून त्याने माशाचं नाव बदकावर ढकललं आणि मोकळा झाला. कोळंबीलाही असंच एक प्रतिष्ठित नाव मिळालं. ‘कोळीवाडा’ म्हणून जी लाल कुरकुरीत कोळंबी आपण मागवतो ती शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर येऊन राहिलेल्या पंजाबी मंडळींच्या कढईतली. कोळणीला तिच्याबद्दल विचारा, ती तुमच्याकडे बघत राहील.

तिसरा आक्षेप सर्वात अवघड आहे, आणि तो घरातूनच येतो. घरी काय अब्रू नसते का? असते. सुकट भाजायला घेतली की सोसायटीच्या तीन मजल्यांवरच्या खिडक्या आपोआप बंद होतात आणि रात्री व्हॉट्सॲपच्या गटावर ‘कृपया एक्झॉस्ट फॅनचा वापर करावा’ असा नाव न घेता संदेश येतो. पण ही अब्रू वासाची आहे, ती बाहेर जाते आणि खाणारा आतच राहतो. खरी कसोटी जावई जेवायला येतो तेव्हा लागते. त्या दिवशी त्याच घरात, त्याच गॅसवर, त्याच बाईच्या हातून सुरमई आणि पापलेट शिजतं. एरवी बुधवारी पेडव्यांवर तुटून पडणारे सासरे त्या दिवशी चमच्याने भात खातात. कोळीण विचारते, "तलायच्या करू का कालवनाच्या?" आणि एरवी कालवणाच्या म्हणणारी सासू म्हणते, "तळायच्या, जरा जाड कर." जावई म्हणजे शेजारचं टेबलच. ते घरात आलं की घराचं हॉटेल होतं. माझ्या प्रमेयाला याहून चांगला प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत झाला नसता, कारण मासा सोडून बाकी सगळं जागच्या जागी ठेवलेलं आहे.

आणि जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात काय उरतं? डोकं आणि शेपटी. मधल्या तुकड्या सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलांना, जावयाला गेलेल्या. कुणी हळहळून म्हणालंच की अगं तुला तुकडी राहिली नाही, तर उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच येतं: "मला डोकंच आवडतं." हे वाक्य ऐकून मुलांचे डोळे भरून येतात, मोठेपणी ती मुलं त्यावर मातृदिनाला लिहितातही. अन्याय आहे, हे कबूलच. मासा कमी पडला त्या दिवशी तिच्या वाट्याला नुसता रस्सा आला, आणि त्याला दुसरं नाव देता येणार नाही. पण डोकं उरलं त्या दिवसाचं काय? गालांवरचं लुसलुशीत मांस, डोळ्यांमागची चरबी, कल्ल्यांखालच्या खाचेत साठलेला मसाला, हे सगळं तिच्या ताटात. शिवाय ती शेवटी जेवते, एकटी जेवते, स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन जेवते. बघायला कुणी नाही, बोलायला कुणी नाही, दोन्ही हात मोकळे. मासा खायला याहून आदर्श परिस्थिती मला तरी माहीत नाही. तुकड्या वाटून देण्यात त्याग किती होता आणि धोरण किती, याची चौकशी अजून कुणी केलेली नाही, आणि ज्यांनी मधल्या तुकड्या खाल्ल्या त्यांनी ती करू नये.

जुन्या खाणावळींची आठवण काढून मला गप्प करणारेही भेटतात. गिरगावात खोताच्या वाडीतल्या ‘अनंताश्रमा’त लोक हाताने, मनसोक्त, काटे चोखून जेवत होते ना? होते. पण तिथे जेवण झालं की उठावं लागे, गप्पांना थारा नव्हता, आणि बाकावर शेजारी बसलेला माणूसही स्वतःच्या बांगड्यात तितकाच बुडालेला असे. सगळेच काटे काढत असले की कुणीच कुणाकडे बघत नाही. खाणावळीत घरच्यापेक्षा जास्त एकांत होता तो गर्दीमुळे. पुढे त्याच खाणावळींनी ‘फॅमिली रूम’ काढल्या, पडदे लावले, वातानुकूलन आणलं, आणि आत बसलेल्या कुटुंबाला एकमेकांकडे बघण्यावाचून दुसरं काम उरलं नाही. तिथून सुरमईचं राज्य सुरू झालं.

या राज्याचा वारस आता ठरलाही आहे. त्या आठ जणांतल्या छोट्यासाठी ज्याची मागणी झाली तो. बोनलेस म्हणून त्याच्यापुढे जे पांढरं, गुळगुळीत, कसलाही वास नसलेलं येतं ते बहुतेक वेळा बासा असतं. मूळचा हा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा, तळ्यांत वाढवलेला, गोड्या पाण्यातला मासा. समुद्र त्याने पाहिला असलाच तर जहाजाच्या शीतपेटीतून. मालवणला सुट्टीत आलेल्या कुटुंबाचं पोर खिडकीतून अरबी समुद्र बघत बघत मेकाँगचा मासा सॉसमध्ये बुडवून खातं, आणि आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याला काटा नाही, डोकं नाही, शेपटी नाही, आवाज नाही, बोटांना वास नाही. अब्रू शंभर टक्के. चवीचं प्रमाण मी वर सांगितलंच आहे, वाचकांनी गणित करून पाहावं.

"मग बाहेर जाताच कशाला?" हा शेवटचा प्रश्न चिडूनच विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. आपण बाहेर मासे खायला जातच नाही. घरात तळणीचा धूर होऊ नये, कढई घासावी लागू नये, ओट्यावरचे खवले दुसऱ्या दिवशी सापडू नयेत, सोलकढी दुसऱ्या कुणीतरी गाळलेली असावी, आणि ज्या बाईने आयुष्यभर डोकी खाल्ली तिच्यापुढे एकदा तरी मधली तुकडी यावी, यासाठी जातो. ती तुकडी ती निम्मी खाते आणि मुलाच्या ताटात सरकवते. हल्ली पार्सलने हा तिढा सुटेल असं काहींना वाटतं, हॉटेलचा मासा, घरची मोकळीक. पण बंद डब्यात वीस मिनिटं वाफ धरलेली रवा फ्राय ही वस्तू कुणी खाल्ली असेल तर त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय ॲपवर मागवतानाही हात सुरमईवरच जातो. सवय.

खऱ्या अर्थाने कामी येतं ते उलट दिशेचं पार्सल. कुणीतरी हिंमत करून मागवलेला तो एक खेकडा टेबलाच्या मध्यभागी पडलेला असतो. छाती संपलेली, पाय शाबूत, एक नांगी अजून न फुटलेली, कवचाच्या खळग्यात लाखेचा केशरी थर तसाच. बिल येतं. सगळे उठतात. आणि मावशी, पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करत, वेटरला हळूच म्हणतात, "हे जरा बांधून द्याल का? मांजरासाठी हवंय." मावशींच्या घरी मांजर नाही. वेटर "हो, हो, मांजरासाठी" म्हणतो, सगळं नीट डब्यात भरतो, आणि वरून मांजरासाठी चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड ठेवून देतो.